कृपया पत्रव्यवहार करू नये

"प्रतीक्षा यादी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायचं नाही!" भाऊसाहेबांनी जाहीर केलं. "अठ्ठावीस वर्षं झाली, लोकांना त्या यादीत मीच बसवतोय!"

यात खोटं काहीच नव्हतं. भाऊसाहेब पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे एक टेबल, दोन जाडजूड वह्या आणि तीन शिक्के. आणि प्रमुख म्हणजे त्या विभागातले एकुलते एक कर्मचारी. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर उतरायचा, आवक क्रमांक घ्यायचा आणि मगच आत जायचा. आतला कागद जावक क्रमांक घेतल्याशिवाय दाराबाहेर पडायचा नाही. नळजोडणी मागणारी माणसं काळ्या केसांनी अर्ज द्यायची आणि पांढऱ्या केसांनी चौकशीला यायची. भाऊसाहेब त्यांना न चिडता, न थकता एकच उत्तर द्यायचे, "आपला अर्ज विचाराधीन आहे."

आणि आता त्यांच्या स्वतःच्या पोटची पोर विचाराधीन झाली होती!

त्यांच्या मुलीला घरात चिमी म्हणत. चिमीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे वेड आजचं नव्हतं. सहावीत असताना तिनं लंगड्या कुत्र्याच्या पायाला भाऊसाहेबांचा ऑफिसचा टाय बांधला होता, आणि साहेबांच्या निरोप समारंभाला भाऊसाहेब बिनटायचे गेले होते. पशुवैद्यक कॉलेजच्या जागा मोजून चाळीस. परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि सोमवारी सकाळी कॉलेजचं पत्र आलं: प्रतीक्षा यादी, क्रमांक चार. यादी तीन आठवडे चालेल. जागा रिकामी झाल्यास क्रमाने फोन करण्यात येईल. आणि शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ: 'उमेदवारांनी व पालकांनी कृपया पत्रव्यवहार करू नये.'

"वाचलंत ना?" चिमीची आई म्हणाली. घराला लागूनच तिचं शिवणकामाचं दुकान होतं, त्यामुळे गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या ठेवूनच ती संसारातले निम्मे निर्णय घ्यायची. "फोन करतील म्हणालेत. तेव्हा आता गप्प बसा."

"अगं, तुला ऑफिसातलं काय कळणार?" भाऊसाहेब हसले. "ही ओळ आमच्याही प्रत्येक पत्रात असते. मीच घातली आहे! ती वाचून जो गप्प बसतो तो बसूनच राहतो. कागद आपणहून हलत नाही. कागदाला कागदच हलवतो!"

"बाबा, नको ना," चिमी म्हणाली. "चौथा नंबर आहे. दरवर्षी पाच-सहा जणांना बोलावतात म्हणे."

"बोलावतात, पण कुणाला? ज्यांचा पाठपुरावा असतो त्यांना! तू निश्चिंत राहा. तुझा बाप आहे!"

हे वाक्य ऐकून चिमीच्या आईच्या ओठांतली एक टाचणी खाली पडली.

भाऊसाहेबांची घरीसुद्धा एक आवक-जावक वही होती. कुणी हसू नका, माणसाला एखादा छंद असतो. दूधवाल्याला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा त्या वहीत नोंदवून, क्रमांक घालून मगच जायची. क्रमांकाच्या आधी असायचं घ/जा. म्हणजे घर, जावक. नवी वही नुकतीच उघडली होती. तिच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीवर, सुवाच्य अक्षरात नोंद झाली: घ/जा/१, प्राचार्य, पशुवैद्यक महाविद्यालय. विषय: प्रतीक्षा यादीतील क्रमांक चारचा सहानुभूतीपूर्वक विचार होणेबाबत.

पत्र तीन पानांचं होतं. शेवटी 'प्रत माहितीसाठी' अशा शब्दांखाली सहा जणांची नावं होती, त्यात शिक्षण संचालनालयही होतं.

"संचालनालय कशाला?" आईनं विचारलं.

"प्रत जितकी वर जाते, तितकं वजन खाली येतं!"

चार दिवस उत्तर आलं नाही. भाऊसाहेब खूश झाले. उत्तर न येणं ही त्यांच्या मते प्रकरण रीतसर चालू असल्याची पहिली खूण! पाचव्या दिवशी पहिलं स्मरणपत्र गेलं, सातव्या दिवशी दुसरं. चौथ्या पत्राच्या वेळी मात्र अडचण आली. नवीन लिहायला काही मुद्दाच नव्हता.

"चिमे, आज काय केलंस?" त्यांनी संध्याकाळी विचारलं.

चिमी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात मदतीला जायची. पिंजरे धुवायची, औषधं मोजायची. "एका मांजरीच्या पंजाला पट्टी बांधली. का?"

"काही नाही, सहज."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला कळवण्यात आलं, की अर्जदार स्वस्थ बसलेली नसून, तिने काल एका मांजरीस यशस्वीरीत्या पट्टी बांधली आहे; मांजरीची प्रकृती समाधानकारक आहे; पुढील प्रगती यथावकाश कळवण्यात येईल. आणि ती कळवण्यात आलीही! पाचवं पत्र पूर्णपणे मांजरीबद्दल होतं.

सहावं पत्र आईच्या नावानं गेलं. ती दुकानात बाही जोडत होती. भाऊसाहेबांनी कागद पुढे सरकवला आणि तिनं गिऱ्हाइकाची पावती समजून सही ठोकली. त्यात लिहिलं होतं, 'सदर मुलीस मी तिच्या जन्मापासून व्यक्तिशः ओळखते. तिचे वर्तन चांगले आहे.' सातवं आणि आठवं तीव्र स्मरणपत्र होतं. तीव्र म्हणजे, 'विनंती' हा शब्द काढून त्या जागी 'खेदाने नमूद करावेसे वाटते' असं घालायचं.

नववं पत्र ही भाऊसाहेबांची खरी करामत. ते त्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलंच नाही! अक्षर बदललं, शाई बदलली, आणि खाली सही केली 'एक जागरूक नागरिक'. या नागरिकानं म्हटलं होतं, की माझा संबंधित मुलीशी कोणताही परिचय नाही, तरीही समाजात तिच्याविषयी सर्वत्र आदराने बोलले जाते.

असं करत करत तीन आठवड्यांत चौदा पत्रं झाली. कॉलेजकडून एकही उत्तर नाही. भाऊसाहेबांचा उत्साह दिवसेंदिवस वाढत होता. चिमीचं जेवण दिवसेंदिवस कमी होत होतं. ती बोलायची नाही काही. दुसऱ्या एका कॉलेजात, दुग्धशास्त्राला, तिची जागा पक्की होती; इथलं जमलं नाही तर सोमवारी तिथे हजर व्हायचं होतं. "तेही चांगलंच आहे की," ती सगळ्यांना सांगायची. पण कुत्री धुतानासुद्धा फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गळ्यात अडकवलेला असायचा, आणि तो वाजला की साबणाच्या हातानं ती अशी झडप घालून उचलायची की कुत्रंसुद्धा दचकायचं. आई हे सगळं बघत होती. तिला लेकीच्या मापाचा परकर आपोआप सैल होताना दिसत होता, आणि नवऱ्याची वही जाड होताना.

तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी दुपारी फोन वाजला. कॉलेजचा नव्हे! मुलाखतीच्या दिवशी चिमीच्या शेजारी बसलेली आणि तेव्हापासून मैत्रीण झालेली एक मुलगी बोलत होती. तिचा प्रतीक्षा क्रमांक पाच.

"अगं, आला फोन! झालं माझं!" ती किंचाळत होती. "तुझा कालच आला असेल ना? सांगितलं नाहीस ते!"

चिमी म्हणाली, "अभिनंदन." मग म्हणाली, "खरंच, खूप बरं वाटलं." मग फोन ठेवून दुकानात गेली, आईच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसली आणि कापडाच्या चिंध्यांच्या ढिगाकडे बघत राहिली.

"आई, पाचला बोलावलं. मला नाही."

मशीन थांबलं.

भाऊसाहेबांना हे कळलं तेव्हा ते पंधरावं पत्र लिहीत होते. "चारच्या आधी पाच? अशक्य! हा तर क्रमभंग आहे!" ते ताडकन उठले. "उद्या सकाळी मी स्वतः जातो. बघतोच!"

"आपण तिघंही जाऊ," आई म्हणाली. "आणि पेन घरी ठेवा."

पेन त्यांनी घरी ठेवलं. खिशातलं ठेवलं, पाकिटातलं तसंच राहिलं.

शुक्रवारी, म्हणजे यादीच्या शेवटच्या दिवशी, तिघं अकराला कॉलेजात पोचले. प्रवेश विभागात एक लांबलचक टेबल होतं, त्यावर एकही कागद वेडावाकडा पडलेला नव्हता, आणि पलीकडे प्रवेशबाई बसल्या होत्या. चष्मा साखळीला, साखळी गळ्यात, आणि तारखेचा शिक्का मनगटाजवळ तयार. त्या टेबलाकडे पाहताच भाऊसाहेबांचा निम्मा राग उतरला. कलावंताला कलावंताची ओळख पटतेच!

"बाई, क्रमांक चारला डावलून क्रमांक पाचला प्रवेश दिला गेला आहे," त्यांनी जमेल तितक्या कडक आवाजात सुरुवात केली.

"डावललेलं नाही. बाजूला ठेवलंय," प्रवेशबाई म्हणाल्या. त्यांनी मागच्या कपाटातून एक फाईल काढली आणि दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवली. "नियम अकरा. ज्या अर्जाबाबत पत्रव्यवहार प्रलंबित आहे, तो अर्ज पत्रव्यवहार निकाली निघेपर्यंत बाजूला ठेवावा. तुमच्या अर्जावर चौदा पत्रं प्रलंबित आहेत."

"नियम उत्तम आहे," भाऊसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. "आमच्याकडेही असाच आहे. मीच तो..."

आणि ते थांबले. आई त्यांच्याकडे बघत होती. शिवणकाम करणाऱ्या बाईची नजर. चूक कुठे झाली, ते ती शिवण न उसवताच सांगू शकते.

"म्हणजे पत्रं लिहिली नसती तर?" चिमीनं हळूच विचारलं.

"तर कालच फोन केला असता, ताई."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! पण भाऊसाहेबांचं अजून अर्धं लक्ष फाईलकडे होतं. प्रत्येक पत्राला क्रमांक, प्रत्येकावर आवकचा शिक्का, प्रत्येक कागदाचं भोक बरोबर मधोमध, आणि पहिल्या पानावर तांबड्या शाईत अनुक्रमणिका!

"बाई," ते भारावून म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांत इतकी देखणी फाईल मी पाहिली नाही."

"तुमची पत्रंही नीट असतात," प्रवेशबाईंनी मान्य केलं. "समास सोडलेला असतो. हल्ली कोण सोडतं समास?"

"अहो!" आई ओरडली.

प्रवेशबाईंनी घसा साफ केला. "एक प्रश्न आहे. तुम्ही संचालनालयाला प्रती पाठवल्यात. त्यांनी आमच्याकडून वस्तुस्थितीचा अहवाल मागवलाय. त्यासाठी या जागरूक नागरिकाचा जबाब लागेल. तुम्ही त्यांना ओळखता?"

"मी?" भाऊसाहेबांनी छताकडे पाहिलं. "छे! जागरूक नागरिक काय, कुठेही असू शकतो."

"त्यांच्या पत्रावर जावक क्रमांक आहे. घ/जा/९." बाईंनी दोन पानं पुढे-मागे केली. "तुमच्या पत्रांवर घ/जा/८ आहे आणि घ/जा/१० आहे."

अक्षर बदललं होतं, शाई बदलली होती, पण क्रमांक न घालता कागद दाराबाहेर सोडणं भाऊसाहेबांच्या हातून या जन्मी होणं शक्य नव्हतं!

"मग ते आठ आणि दहाच्या मधेच कुठेतरी राहत असतील," चिमी म्हणाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून एक वाक्य थोडं तिरकस निघालं होतं.

प्रवेशबाईंनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, आज सकाळी एका मुलानं जागा सोडली. शेवटची एकच जागा आहे. पाच वाजेपर्यंत ही फाईल बंद झाली, तर ती जागा क्रमांक चारची. नाही झाली, तर पाच वाजून एक मिनिटानं मी क्रमांक सहाला फोन लावणार."

"एवढंच ना?" भाऊसाहेबांना हुरूप आला. "मी पत्रं मागे घेतो! आत्ता लेखी देतो!" आणि पाकिटातलं पेन बाहेर आलं.

आईनं कपाळावर हात मारला. पण तोवर पत्र लिहून झालं होतं: विषय, चौदा पत्रे मागे घेत असल्याबाबत. प्रवेशबाईंनी ते घेतलं, शिक्का मारला, भोक पाडलं, फाईलला लावलं. "पंधरा प्रलंबित," त्या म्हणाल्या.

"अहो, पण हे तर मागे घेण्याचं..."

"तेही पत्रच आहे. शिवाय यातलं सहावं पत्र तुमच्या पत्नीचं आणि नववं नागरिकाचं. दुसऱ्यांची पत्रं तुम्ही कशी मागे घेणार?"

"बरोबर आहे!" भाऊसाहेब हरखून म्हणाले. "अगदी बरोबर! हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नाही!"

मग आईला बसवून सोळावं पत्र लिहून घेण्यात आलं, की मी सहावं पत्र मागे घेते. आईनं त्यात आपणहून एक ओळ वाढवली: 'त्यावर सही करताना मी बाही जोडत होते.' प्रवेशबाईंनी नोंद घेतली आणि म्हणाल्या, याचा अर्थ सही अजाणता झाली, तसा शेरा मारावा लागेल. सतरावं पत्र भाऊसाहेबांनी मान खाली घालून लिहिलं. विषय: जागरूक नागरिक मीच असल्याबाबत.

"म्हणजे तुम्ही दुसरे कुणीतरी आहात असं भासवून पत्र लिहिलंत?" प्रवेशबाईंनी भुवई उंचावली. "यावर खुलासा लागेल."

खुलासा हे अठरावं पत्र झालं. त्या खुलाशात भाऊसाहेबांनी सवयीनं 'प्रत माहितीसाठी, शिक्षण संचालनालय' असं लिहायला घेतलं, तेवढ्यात चिमीनं पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि आईच्या पर्समध्ये टाकलं. आईनं पर्सची चेन लावली.

घड्याळात एक वाजला होता. फाईल आता बंद करायची तर वरून कुणीतरी बसावं लागलं असतं.

"भाऊसाहेब," प्रवेशबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. एकाच विहिरीचं पाणी प्यालेल्या माणसांचा होतो तसा. "तुम्ही या धंद्यातले आहात. फाईल कशानं बंद होते, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

भाऊसाहेबांना माहीत होतं. ते दोनच शब्द असतात: दप्तरी दाखल. वरच्या साहेबानं कागदाच्या कोपऱ्यात हे दोन शब्द लिहिले, की तो कागद कपाटात जातो आणि पुन्हा उजेड बघत नाही. त्यावर उत्तर नाही, विचार नाही, कार्यवाही नाही. नळासाठी हेलपाटे घालणाऱ्या किती म्हाताऱ्यांचे अर्ज त्यांनी स्वतः नेऊन साहेबांपुढे ठेवले होते आणि 'इथे लिहा साहेब' म्हणून कोपरा दाखवला होता! त्यांना तेव्हा कधी काही वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाटलं, आणि बरंच काही वाटलं.

"तो शेरा मारण्याचा अधिकार कुणाला?" त्यांनी विचारलं.

"फक्त प्राचार्यांना."

"ते कुठे भेटतील?"

"गोठ्यात."

कॉलेजच्या मागे जनावरांचं इस्पितळ होतं. तिथे एक गाय अडली होती आणि प्राचार्य सकाळपासून तिच्यापाशी होते. दारावरच्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना अडवलं. वासरू उलटं आहे, आत्ता कुणी आत जायचं नाही. दोन वाजले. तीन वाजले. भाऊसाहेब प्रवेशबाईंनी सोपवलेली फाईल छातीशी धरून भिंतीला टेकून उभे होते. साडेतीनला ते म्हणाले, "चिमे, मला वाटलं होतं की..." आणि पुढे काही सुचलं नाही. अठरा पत्रं लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य पुरं करता येईना.

"माहीत आहे, बाबा," चिमी म्हणाली.

"नुसतं बसून राहणं मला जमत नाही गं. तू तो फोन गळ्यात घालून फिरायचीस, आणि मी काय करायचं? मला येतं तेवढंच केलं."

आईनं पर्समधून रुमाल काढून त्यांना दिला. पेन दिलं नाही.

सव्वाचारला आतून आरडाओरडा झाला आणि डॉक्टरीणबाई हसत दार उघडून उभ्या राहिल्या. वासरू बाहेर आलं होतं. ओलंचिंब, हडकुळं, आणि उभं राहण्याच्या प्रयत्नात चारही पाय चार दिशांना टाकणारं. चिमी बापाला, फाईलला, पाच वाजण्याला, सगळ्याला विसरून थेट आत गेली, गुडघ्यावर बसली आणि गवताच्या मुठीनं त्याचं अंग चोळायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी थांबवलंही नाही.

प्राचार्य थकून बादलीवर बसले होते. खांद्यापर्यंत रबरी हातमोजा, कपाळावर घाम. "ही मुलगी कोण?" त्यांनी विचारलं.

"क्रमांक चार," भाऊसाहेब म्हणाले, आणि फाईल पुढे केली. "साहेब, यातली पत्रं..."

"कुठली पत्रं? माझ्यापर्यंत एकही पत्र आलेलं नाही. बाई आधी नोंदी पूर्ण करतात, मग पाठवतात. तुमच्या नोंदी पूर्णच होत नसतील."

चौदा पत्रं, दोन तीव्र स्मरणपत्रं, एक मांजर! आणि एकही ओळ साहेबांनी वाचलेली नाही! भाऊसाहेबांचा चेहरा त्या वासरासारखा झाला.

"पाचच्या आत यावर तुमचा शेरा हवाय, साहेब," आईनं सूत्रं हातात घेतली. "दप्तरी दाखल. एवढंच लिहायचं."

"पण न वाचता कसं लिहू? महत्त्वाचं काही असलं तर?" प्राचार्य चिमीकडे वळले. "अर्ज तुझा आहे ना? मग तूच सांग. काय आहे या पत्रांत?"

चिमीनं मान वर केली. वासराचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिनं आधी फाईलकडे पाहिलं, मग बापाकडे. भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"माझ्या बाबांची काळजी आहे, सर," ती म्हणाली. "खूप आहे. पण त्यावर कार्यवाहीची गरज नाही."

प्राचार्यांनी हातमोजा घातलेला हात वर धरला. मग म्हणाले, "माझे हात असे आहेत. तुमच्यापैकी कुणीतरी लिहा, मी खाली सही करतो."

लिहिणार कोण? त्या गोठ्यात 'दप्तरी दाखल' हे शब्द कोपऱ्यात किती तिरके लिहायचे, हे फक्त एकाच माणसाला माहीत होतं. आईनं पर्सची चेन उघडली. भाऊसाहेबांनी पेन घेतलं, पालथ्या बादलीवर फाईल ठेवली आणि स्वतःच्या एकेका पत्रावर स्वतःच्या हातानं तो शेरा लिहायला सुरुवात केली. पहिलं. दुसरं. तिसरं. पाचव्याला हात थांबला.

"हे मांजरीचं जरा चांगलं उतरलं होतं," ते पुटपुटले.

"हो बाबा," चिमी म्हणाली. "तिचा पंजा आता बरा आहे."

"मग ते कळवायला हवं..."

"अहो!"

अठरावं पत्र संपलं तेव्हा पाचला दहा कमी होते. प्राचार्यांनी हातमोजा काढून भराभर अठरा सह्या केल्या. दोन-तीन पत्रांवर शाईबरोबर गोठ्यातलं इतरही काही लागलं. एरवी भाऊसाहेबांनी असा कागद परत पाठवला असता. आज त्यांनी तो स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं पुसला आणि फाईल काखोटीला मारून धूम ठोकली! मागून आई, तिच्या मागून गवताचे तुरे केसांत अडकलेली चिमी. शिकायला आलेली पोरं कठड्यावरून बघतच राहिली.

प्रवेशबाईंचा एक हात फोनवर होता. फाईल समोर आली तसा त्यांनी तो बाजूला घेतला. पत्र एक ते पत्र अठरा, एकेक शेरा त्यांनी बोट ठेवून तपासला. काटा बाराकडे सरकत होता.

"सर्व पत्रं निकाली," त्या म्हणाल्या, आणि फाईलची नाडी बांधली. "संचालनालयाला तसं कळवते. तेही दप्तरी दाखल करतील."

मग त्यांनी ड्रॉवरमधून प्रवेशाचा अर्ज काढून चिमीपुढे ठेवला. आईनं तिच्या केसांतलं गवत काढलं; चिमीनं अर्ज हळूहळू भरला. सगळ्यात शेवटी एक चौकट होती: पालकांशी संपर्क कोठे व कसा साधावा. चिमीनं क्षणभर विचार केला, तिथे काहीतरी लिहिलं आणि अर्ज परत दिला.

प्रवेशबाईंनी मोठ्यानं वाचलं. "संपर्क: आई. शिवणकामाचं दुकान. फक्त फोनने." त्यांनी चष्म्यावरून आधी चिमीकडे पाहिलं, मग भाऊसाहेबांकडे. "पालकांची याला काही हरकत?"

पोरगी जनावरांची डॉक्टर होणार होती. बापाचं नाव चौकटीत नसलं म्हणून काय झालं? एवढ्यातेवढ्यावरून रुसायला ते काही लहान नव्हते.

"छे छे! अजिबात हरकत नाही," ते अगदी मनापासून म्हणाले, आणि त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला. "तसं लेखी देऊ का?"